न थकणारं नाक

फवाऱ्याची पहिली मात्रा घेण्याआधी शर्वरी वालावलकरने मनातल्या मनात जो हिशेब मांडला, त्यात जमेची बाजू चांगली गुबगुबीत होती. सप्तरस चॉकलेट कंपनीत, जिथे ती अजून साधी चव-पारखी होती, तिथली मुख्य पारख्याची खुर्ची. खुर्चीमागे पन्हाळ्याकडे उघडणारी खिडकी. परदेशी खरेदीदार आले की साहेबांनी तिच्याकडे हात करून "आमचं नाक" अशी करून द्यायची ओळख. आणि या सगळ्यापेक्षा गोड म्हणजे, "बायकांचं नाक फोडणीपुरतं" असं जेवणाच्या सुट्टीत म्हणणाऱ्या जुन्या पारख्याचं त्या दिवशीचं तोंड. खर्चाच्या बाजूला एकच बाब होती: महिन्यातून एकदा नाकात थोडी जळजळ.

हिशेब चुकीचा नव्हता. खर्चातला मोठा भाग दुसऱ्याच्या नावावर पडणार होता, एवढंच तिने पाहिलं नाही. बहुतेक माणसं पाहत नाहीत.

त्या वर्षांत खरं चॉकलेट ही मिरवायची वस्तू झाली होती. आफ्रिकेतल्या कोकोच्या बागा उष्म्याने आणि रोगाने बसल्या होत्या आणि जगात चॉकलेट म्हणून जे खपत होतं, त्यातलं बरंचसं मोठाल्या टाक्यांमध्ये यीस्टकडून करवून घेतलेलं होतं. ते वाईट नव्हतं. पोरं आवडीने खायची. पण झाडाच्या बियांचं चॉकलेट ज्यांना परवडायचं, त्यांना ते झाडाचंच आहे, अमक्या गावच्या झाडाचं आहे, हे कोणीतरी छातीठोकपणे सांगावं लागे. कोकणातल्या सुपारीच्या सावलीत कोको बरा येतो हे कळल्यावर सप्तरसने कोल्हापूरजवळ कारखाना टाकला, आणि छातीठोकपणे सांगणारं माणूस शोधायला सुरुवात केली.

"नाक चिमटीत धर," कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या डॉ. हर्डीकर म्हणाल्या आणि त्यांनी शर्वरीच्या जिभेवर एक काळा तुकडा ठेवला. "काय लागतं?"

"गोड. थोडं कडू."

"आता सोड."

चिमटी सुटली आणि तोंडात जांभूळ आलं, ओली माती आली, भाजलेल्या काजूचं टरफल आलं.

"जीभ बिचारी पाचच शब्द येणारी," डॉक्टर म्हणाल्या. "बाकीची सगळी कादंबरी नाक वाचतं, तीही मागच्या दाराने, घशातून. पण वाचता वाचता पेंगतं. आठव्या नमुन्यानंतर मी तुझ्यावर विश्वास ठेवत नाही. तूही ठेवत नाहीस, फक्त बोलत नाहीस."

शर्वरी हसली, कारण ते खरं होतं.

डॉक्टरांनी मग कागदावर एक वाटोळी पेशी काढली. वासाचा कण पेशीच्या ग्राहीवर, म्हणजे तो धरणाऱ्या खोबणीवर, येऊन बसतो, पेशी मेंदूला वर्दी देते. तोच कण पुन्हा पुन्हा आला, की पेशीतलं एक प्रथिन त्या ग्राहीवर झाकण घालतं: कळलं, आता पुरे. म्हणून पाहुण्याला आपल्या घराचा वास येतो, आपल्याला येत नाही. 'अक्लांत' या फवाऱ्यातलं औषध ते झाकण बनवायची सूचना वाटेतच कापून टाकतं. झाकण नाही तर पेंगणं नाही. नाकातल्या या पेशी दीड-दोन महिन्यांत मरून नव्या येतात, म्हणून फवारा दर महिन्याला.

"हे सगळं यंत्राला नाही करता येत?"

"यंत्र सहाशे वाफा मोजतं गं. पण त्यातली कुठली वाफ आली की माणूस डोळे मिटतो, ते त्याला कोणीतरी शिकवायला हवं. पेंगलेल्या नाकाने शिकवलं की ते पेंगलेलंच शिकतं."

"मग यात तोटा काय?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "कंपनी ज्याला थकवा म्हणते ना, त्याला घरी आपण सवय म्हणतो. तेवढं लक्षात ठेव."

शर्वरीने ते लग्नात आलेल्या भेटवस्तूसारखं ठेवलं. नीट गुंडाळून, माळ्यावर.

पहिला नफा तिला कारखान्यात झालाच नाही, घरी झाला. तिचा नवरा निनाद आठवड्याचे चार दिवस वेंगुर्ल्याजवळच्या मठ गावी असायचा. चार वर्षांपूर्वी त्याने कोल्हापुरातली फाउंड्रीची नोकरी सोडली होती आणि आईच्या सुपारीच्या बागेत कोकोची कलमं लावली होती. त्या उन्हाळ्यात पहिलं पूर्ण पीक उतरलं होतं. सप्तरसने ते पास केलं, तर बागेचा सगळा माल पुढची कित्येक वर्षं कंपनी उचलणार होती आणि वेष्टनावर गावाचं नाव येणार होतं. नाही केलं, तर झाडं काढून दुसरं काहीतरी लावायचं, एवढाच मार्ग होता. सुपारीवाले शेजारी आधीच विचारत होते, "काय रे निनाद, तुझी चाकलेटा कधी पिकतली?"

त्या शनिवारी निनाद आला आणि शर्वरीने दार उघडलं. लग्नाला नऊ वर्षं झाली की नवऱ्याला वास उरत नाही, तो घराच्या वासात जमा होतो. पण दारात उभा होता तो पहिल्या वर्षातला निनाद. मानेला आंबवलेल्या कोकोची व्हिनेगरी धार, सुपारीची सालं, बसमधलं रेक्झिन, आणि त्या सगळ्याखाली त्याचा स्वतःचा, उन्हात तापलेल्या तांब्यासारखा वास.

"काय झालं? आत येऊ का नको?"

"उभा राहा जरा."

"अगं, दूध उतू चाललंय तुझं."

"जाऊ दे."

दूध गेलं. गॅसच्या शेगडीवरून ओघळून खाली गेलं, आणि तो करपट वास मात्र तिला पुढे कितीतरी वेळ, प्रत्येक श्वासाला नव्याने येत राहिला. निनाद खूश होता. पुढच्या आठवड्यात तो शुक्रवारीच आला.

सहाशे वाफांमध्ये सगळ्याच काही नवऱ्याच्या नसतात. भांड्यांची घासणी होती. शेजाऱ्यांच्या मोरीची जाळी होती. लसणाची फोडणी सकाळी दिली, तरी संध्याकाळी ती आत्ताच चुरचुरल्यासारखी अंगावर यायची. लोक खोलीत शिरताना नाक मुरडतात आणि मिनिटाभरात विसरतात. शर्वरीचं ते मिनिट संपत नव्हतं.

"होईल सवय," निनाद म्हणाला.

"तेच तर होणार नाही. औषधच त्याचं आहे."

"अगं, म्हणायची पद्धत असते. आता काय, 'नाही होणार सवय' असा धीर देऊ?"

दोघं हसली. तोवर हसण्यासारखंच होतं.

गणपतीला दोघं मठला गेली. घरी पाच दिवसांचा गणपती. देवाची फुलं हुंगायची नाहीत आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय चाखायचा नाही, हा नियम बहुतेक घरांत असतो आणि बहुतेक घरांत थोडा वाकवलेला असतो. निनादच्या आईंच्या घरी तो सरळ उभा होता. मिठाचा अंदाज त्यांच्या हाताला होता, चव घ्यावी लागतच नसे. शर्वरी पहिल्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली आणि सहज म्हणाली, "आई, त्या खवलेल्या नारळांत एक खवट आहे."

आईंचा हात कढईत थांबला. सारण अर्धंअधिक शिजलं होतं. "वास घेतलंस?"

"घेतला नाही हो. आला."

"म्हणजे देवाच्या आधी तुझां नाक जेवलां!"

सारण टाकून पुन्हा केलं. दुसऱ्या दिवशी जास्वंदीच्या परडीवरून असंच काहीतरी झालं. तेव्हा आईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला बाहेर खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, खुर्चीवर नेऊन बसवलं. "तू आपली भायरच बस गो बाय. तुझ्या नाकाक कुलूप नाय."

यात राग नव्हता. चहा बाहेर आला, आरतीनंतरचा पहिला मोदक बाहेर आला, तूपसुद्धा तिच्या पानात जरा जास्तच पडलं. आणि खरं सांगायचं तर शर्वरीला बरंच वाटलं. आतल्या धुपाने तिचं डोकं फुटत होतं. ती उरलेले सगळे दिवस खळ्यात बसून राहिली.

आत, देवाच्या खोलीत, गणपतीच्या उजव्या अंगाला कोकोच्या वाळलेल्या बियांची पोती उभी होती. "पयलां पीक आधी देवाक दाखवूचां," असं आई म्हणाल्या होत्या, आणि निनादने ती स्वतःच्या खांद्यावरून नेऊन ठेवली होती. गणपती होते तोवर तो पोत्यांच्या शेजारीच झोपला. सकाळ-संध्याकाळ आरती, तबकात कापूर, कोपऱ्यात ऊद. पोती आत होती आणि नाक बाहेर होतं.

गणपतीनंतर काही दिवसांनी कारखान्यात पारख ठेवली. काचेपलीकडे साहेब आणि दोन खरेदीदार बसले होते. नमुन्यांवर नावं नसतात, आकडे असतात. शर्वरीने नेहमीप्रमाणे कोमट पाण्याची चूळ भरली, बिनमिठाची तांदळाची पेज एक घोट घेतली आणि सुरुवात केली. तुकडा कानाशी मोडायचा, आवाज कोरडा यायला हवा. मग तो जिभेवर ठेवायचा आणि चावायचा नाही. कोकोचं लोणी बरोबर तोंडाच्या उबेला विरघळतं, जणू माणसाच्या तोंडासाठीच केलेलं.

पहिल्या नमुन्यात आंबटपणा होता, पण एकसुरी. दुसरा भाजताना कोणीतरी घाई केली होती. तिसरा केरळचा असावा, केळफुलासारखा तुरट आणि सभ्य. असे बरेच झाले. जुना पारखी कधीच उठून खिडकीशी गेला असता. मग चौदा आकड्याचा तुकडा आला.

आधी जांभूळ आलं. त्याच्यामागून कोकमाच्या सालीची आंबट कड, मग पिकल्या फणसाचा एक दुरून आलेला झोत, आणि मग बराच वेळ नुसता मऊ काळोख. इतकं चांगलं कोकणी चॉकलेट तिने खाल्लं नव्हतं. साधं नाक इथे तृप्त होऊन पेंगलं असतं. शर्वरीचं जागं राहिलं, आणि अगदी तळाशी तिला कापूर लागला. कापरामागे ऊद. झेंडू. समईतलं करपलेलं तेल. आणि त्याच्याही खाली, हाताने बिया वरखाली करणाऱ्या माणसाचा, तापल्या तांब्यासारखा वास.

कोकोच्या बीमध्ये निम्मी चरबी असते आणि चरबी भोवतालचा वास पिऊन घेते. एकदा प्यायली की सोडत नाही. निनादला हे ठाऊक होतं. डिझेलपासून, मासळीपासून, ओल्या गोणपाटापासून त्याने पोती जपली होती. देवापासून जपायची असतात हे कोणाच्या मनात येणार? आणि त्या घरात कापराचा वास कोणालाच येत नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय.

आता नियम असा होता: नमुना कोणाचा हे पारख्याने ओळखलं, तर त्याने उठायचं, तसं सांगायचं, आणि दुसऱ्याने पारख करायची. दुसरा म्हणजे तो जुना पारखी. त्याला कापूर लागला नसता. चॉकलेट खाणाऱ्या कुठल्याच साध्या माणसाला तो लागला नसता. शर्वरीने उठायला खुर्ची मागे सरकवली, अगदी दोन बोटं. काचेपलीकडे साहेब खरेदीदारांना काहीतरी सांगत होते. त्यांचा हात तिच्याकडे झाला होता.

तिने खुर्ची पुढे घेतली आणि लिहिलं: बाहेरचा वास, कापूर. नापास.

लिहिलं ते खरं होतं. पण खरेपणा आणि फायदा एकाच दाराने हातात हात घालून येताना दिसले, की माणसाने दार थोडं अडवून धरावं. शर्वरीने ते सताड उघडलं.

निनादला कंपनीचा निरोप दोन दिवसांनी मिळाला. तो कोल्हापुरातच होता. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तो जेवणाच्या टेबलाशी बसला होता, दिवा न लावता.

"कापूर," तो म्हणाला. "मीच नेऊन ठेवली गं पोती. त्यांच्या शेजारी झोपलो. मला कसा आला नाही वास?"

"तुला सवय आहे त्याची."

"हं." त्याने टेबलावर सांडलेला मिठाचा एक खडा बोटाने सरकवला. "पारखायला कोण होतं?"

तिने खांद्यावरची पर्स खुर्चीला अडकवली.

"तूच होतीस ना? ओळखलंस?"

"तोंडात विरघळला तेव्हाच."

"मग उठली का नाहीस? तुमचा नियम आहे. मला शंभर वेळा सांगितला असशील."

"निनाद, कापूर होता त्यात. मी खोटं नाही लिहिलं."

"कापराचं कुठे विचारतोय मी?" त्याचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "परवा रात्री, तू ते लिहून आल्यावर, आपण इथे बसून पिठलं खाल्लं. मी तुला विचारलं, वेष्टनावर मठ लिहायचं की वेंगुर्लं. तू विचार केलास. आणि म्हणालीस, मठ."

फ्रिज गुरगुरत होता. शर्वरीला पिठल्याचा वास अजून येत होता.

"आईला काय सांगू?" त्याने विचारलं.

"काही सांगू नकोस."

"ती विचारेलच."

तो सकाळच्या गाडीने गेला. त्याच आठवड्यात साहेबांनी शर्वरीला बोलावलं. चौदाव्या नमुन्यातला कापूर यंत्राने नंतर शोधून काढला होता, एका वाफेच्या जेमतेम रेघेत. "तुम्ही सांगितल्यावर सापडला," साहेब म्हणाले. "आणि माल तुमच्या घरचा होता म्हणे! ऐकून खरेदीदार तर टाळ्या वाजवत उभेच राहिले." खुर्ची तिची झाली. फक्त दर महिन्याच्या फवाऱ्यावर एवढी मोठी गोष्ट टांगून ठेवणं कंपनीला बरं वाटत नव्हतं. कायमचा उपाय तयार होता.

डॉ. हर्डीकरांनी तो समजावला तेव्हा त्यांनी चित्र काढलं नाही. नाकातल्या अस्तराच्या तळाशी मूळपेशी असतात, त्यांच्यापासून नव्या पेशी जन्मतात. मूळपेशीतच बदल केला, की पुढे येणारी प्रत्येक पेशी झाकणाशिवायच जन्मणार. "फवारा बंद केलास तर दोन महिन्यांत तू पहिल्यासारखी. यातून परत येता येत नाही. घाई नाही, शर्वरी. घरी बोल."

शर्वरी घरी बोलली, म्हणजे मठला फोन लावला. तिला काय हवं होतं ते तिला नीट माहीत होतं. त्याने "नको घेऊस" म्हणावं.

"घे," निनाद म्हणाला. "आता एवढं दिलंच आहेस, तर घे."

"आणि तू?"

"होईल सवय."

"मला नाही होणार रे."

"तुला नाही. मला म्हणतोय."

तरीही तिला थांबता आलं असतं. पण निनादचं पीक गेलं होतं. खुर्चीही सोडली, तर ते कशासाठी गेलं याला उत्तर उरत नव्हतं. किंमत देऊन झाली आहे तर वस्तू घरी न्यायलाच हवी, मग ती घरात मावो न मावो. बाजारात माणसं असंच करतात आणि नंतर ती वस्तू आत घ्यायला घराचं दार काढतात. शर्वरीने उपाय करून घेतला.

ती खरंच चांगली पारखी झाली. यंत्र तिच्याकडून शिकत राहिलं. ती डोळे मिटायची आणि ते टिपून घ्यायचं. दीड वर्षात ते इतकं शिकलं, की साहेबांनी तिचं मनापासून अभिनंदन केलं आणि खुर्चीच्या खोलीत यंत्राच्या नव्या टाक्या येणार असल्याचं सांगितलं. तिला खालच्या मजल्यावर, नव्या मुलांना शिकवण्याचं काम मिळालं. खिडकी तिथेही होती. बाहेर भिंत होती.

निनाद एका रविवारी आपली उरलेली हत्यारं न्यायला आला. जरा जाड झाला होता, आणि ते त्याला शोभत होतं. कोकोची झाडं काढून त्याने जायफळ लावलं होतं.

"बस ना. चहा टाकते."

"टाक."

चहाबरोबर तिने एक तुकडा पुढे केला, कारखान्यातला सगळ्यात चांगला. त्याने तो चावून खाल्ला, दोन घासांत. पूर्वी ती यावरून त्याला किती बोलायची.

"छान आहे," तो म्हणाला.

"आई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत." तो कपात बघत राहिला. "कापूर लावत नाही आता. आरतीला नुसती तुपाची वात. तुझा दोष नाही म्हणून किती सांगितलं. म्हणते, देवाक काय, चलतां." मग विषय बदलावा तसा म्हणाला, "तू कशी आहेस?"

"बरी. तू?"

"पहिलं वर्ष जड गेलं." तो हसला, टोमणा नव्हता त्यात. "झाली सवय."

चहा संपवून त्याने क्षणभर कोचाच्या पाठीला मान टेकली, मग हत्यारांची पेटी उचलली आणि तो गेला. ती दारात उभी राहिली, जिना उतरण्याचा आवाज संपेपर्यंत. मग आत आली, आणि कोचाच्या पाठीवर, जिथे त्याची मान टेकली होती, तिथे तापल्या तांब्याचा वास होता. डॉक्टरांच्या भाषेत काही थोडे कण. साध्या नाकाला तो दुपारपर्यंत पुरला असता.

आता शेवटची बेरीज. कंपनीला नाक मिळालं, आणि ते यंत्रात उतरवून झाल्यावर खुर्चीही परत मिळाली. कंपनीने काहीच भरलं नाही. आईंनी कापूर भरला, ज्यात त्यांची चूक होती असं म्हणायला देवही धजला नसता. निनादने चार वर्षांची बाग भरली, बायको भरली. जड गेलं, पण त्याच्यापुरतं ते फिटलं. सवय ही सोय त्याच्याकडे होती.

शर्वरीचं फिटत नाही. कोचाचा तो अभ्रा तिने धुतलेला नाही. कण दर आठवड्याला कमी होतात, पण उरलेल्यांना तिचं नाक दरवेळी पहिल्यांदाच भेटतं. संध्याकाळी ती कामावरून येते, किल्ली फिरवते, दार उघडते, आणि तो आत्ताच गेलेला असतो.